माथेरानचा मुक्काम : भाडं खोलीचं, हिशेब पायांचा

नायगावहून चर्चगेटकडे लोकल सुटली की मिठागरं मागे पडतात आणि खाडीवरचा पूल लागतो. पुलाखालचं पाणी उल्हास नदीचं. लोणावळ्याकडच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीत येते. माथेरानच्या डोंगरावरून नेरळच्या अंगाला उतरणारा पाऊसही तिलाच मिळतो. म्हणजे आपण नायगावकर रोज ज्या पाण्यावरून कामाला जातो, त्यातलं थोडं माथेरानहून आलेलं असतं. मे महिन्यात घरातला पंखाही दमट वारा फेकू लागला की मला हे नातं हमखास आठवतं. पाण्याच्या त्या टोकाला दोन रात्री तरी जाऊन यावंसं वाटतं.

जव्हार आपल्याच जिल्ह्यातलं, तेही सुंदर आहे. पण लोकलच्या तिकिटावर पायथ्यापर्यंत नेऊन सोडणारं थंड हवेचं ठिकाण म्हणजे माथेरान. नेरळला उतरायचं की डोंगर समोर उभा. प्रवास इतका स्वस्त असूनही माथेरान महाग पडलं असं म्हणत परतणारी कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. एकदा आमचंही तेच झालं होतं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पाच जण गेलो होतो. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. शोधून शोधून सगळ्यांत स्वस्त खोली ठरवली होती. ‘बाजारापासून जवळच आहे’ असं फोनवर सांगितलं होतं. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर टॅक्सीतून उतरलो तेव्हा बारा वाजत आले होते. चाकांची मोठी बॅग खाली ठेवली आणि तिची चाकं लाल मातीत निम्मी रुतली. जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरान स्टेशनपर्यंत जाणाऱ्या शटल गाडीची तिकिटं संपलेली. घोड्यावर बसायची आईची छाती होईना, म्हणून हातरिक्षा केली. पुढे एक माणूस ओढायला, मागे दोघं ढकलायला. आई बसली खरी, पण चढावर त्या पुढच्या माणसाचा श्वास तिला ऐकू येऊ लागला आणि अर्ध्या वाटेत ती उतरलीच. ‘पैसे पूर्ण दे त्यांना, मी चालते,’ म्हणाली. बाजार आला, मागे पडला, तरी लॉज येईना. बाजारापासून पुढे पंचवीस मिनिटांची वाट होती. रात्री जेवायला पुन्हा तीच वाट, अंधारात, मोबाइलच्या उजेडात. दोन रात्रींच्या भाड्यात वाचवलेले बाराशे रुपये पहिल्याच संध्याकाळी संपले होते.

त्या सहलीत मी एक गोष्ट शिकलो. खोलीचं भाडं म्हणजे मुक्कामाचा खर्च नव्हे. आणि ज्या गावात गाडी चालत नाही, तिथे तर अंतराचंही भाडं भरावं लागतं.

गाड्या नसलेलं गाव

माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि साहेब लोकांना या जागेचा पत्ता लागला. इथले धनगर, कातकरी, ठाकर अर्थातच त्याआधीपासून हा डोंगर जाणत होते. पुढे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या धडपडीतून नेरळ–माथेरान रेल्वे उभी राहिली. १९०७ च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. दोन फूट रुंदीचा रूळ आणि नागमोडी वळणं घेत चढणारी सुमारे २१ किलोमीटरची वाट. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं. खासगी मोटारी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि अलीकडच्या ई-रिक्षा एवढाच अपवाद.

या एका नियमातून इथल्या किमती समजतात. भाजी, गॅस सिलिंडर, पाण्याच्या बाटल्या, सिमेंटच्या गोण्या या सगळ्यांचा शेवटचा टप्पा घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून होतो. खाली ज्या भावात थाळी मिळते, त्या भावात ती वर मिळणार नाही. हॉटेलवाला लुटतो म्हणून ती महाग होते असं नाही. तिच्यात कोणाच्या तरी पायांची मजुरी असते, आणि तुमच्या बॅगेलाही तोच नियम लागू होतो.

याच्याशी जुळणारं एक उदाहरण इटलीत आहे. आल्प्सच्या पायथ्याचं बोल्झानो शहर जेमतेम २६२ मीटरवर, चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे उन्हाळ्यात चांगलंच तापतं. तिथले सधन लोक शेकडो वर्षांपासून उन्हाळ्यात शेजारच्या रेनॉन पठारावर राहायला जातात. हा भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात असताना तिथेही डोंगरावर चढणारी छोटी रेल्वे सुरू झाली, तीही १९०७ मध्येच, ऑगस्टमध्ये. तिच्या खड्या चढाच्या भागाची जागा १९६६ मध्ये रोपवेने घेतली. वरच्या पठारावर मात्र ती छोटी गाडी अजून धावते. तिथल्या अनेक हॉटेलांत मुक्काम केला की पाहुण्याला एक पास मिळतो आणि त्यावर बस, रेल्वे, हा रोपवे असा सारा प्रवास फुकट होतो. त्यामुळे बोल्झानोत हॉटेल निवडणारा जाणता प्रवासी भाड्याबरोबर तीन गोष्टी विचारतो. पास मिळतो का? भाड्यात नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलंय का? माणशी पर्यटक कर वेगळा पडतो का? माथेरानला पास नाही, पण बाकी प्रश्न तेच. इथेही नगरपालिकेचा माणशी प्रवेश कर असतो आणि तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो.

हिशेब नेमका लागावा म्हणून मी आता एक क्रम पाळतो. आधी दिवस, मग जागा, मग ताट आणि शेवटी खोली.

आधी दिवस

माथेरानची गर्दी मुंबईच्या सुट्ट्यांवर चालते. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळचा आठवडा आणि मे महिना या दिवसांत तीच खोली कितीतरी जास्त भावाने जाते. सोमवार ते गुरुवार गेलात तर घासाघीस न करताही भाडं उतरलेलं दिसतं, शटलची रांगही आटोपशीर असते. ज्यांना शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या पाळायच्या आहेत त्यांनी निदान शनिवार टाळून रविवारी दुपारी वर जावं. तेव्हा गर्दी खाली उतरत असते आणि खोल्या रिकाम्या होत असतात.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. जून ते सप्टेंबर भाडी खाली येतात आणि डोंगर सगळ्यांत देखणा दिसतो. पण नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. २०१९ च्या पावसात तर रूळच वाहून गेले होते, आणि नेरळपासूनची गाडी पूर्ववत व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. या दिवसांत कपडे वाळत नाहीत, गाद्यांना ओल धरते, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. तरण्या मंडळींना यातच मजा आहे. दमेकरी आणि सांधे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना घेऊन जायचं असेल तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा, आणि त्यातला मधल्या वारांचा मुक्काम ठरवा.

दिवस ठरला की प्रवास आपोआप ठरतो. नायगाव पश्चिमेच्या लोकांना दादर गाठून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडणं सोयीचं. पूर्वेला राहणाऱ्यांच्या दाराशी जूचंद्र स्टेशन आहे. वसई रोड–दिवा मार्गावरच्या मेमू गाड्या तिथे थांबतात. त्याने कोपर किंवा दिवा, तिथून कल्याणला येऊन कर्जत लोकल असं गेलं की दादरच्या पुलावरची चेंगराचेंगरी वाचते. या गाड्या दिवसातून मोजक्याच असल्याने वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा. कुठल्याही वाटेने गेलात तरी नेरळला सकाळी पोहोचा. छोट्या गाडीच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि तिकीटखिडकीवर रांग लवकर लागते. ती गाडी हुकली तर दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी मिळते.

मग जागा

माथेरानच्या राहण्याच्या जागांचे माझ्या मते तीन पट्टे पडतात.

पहिला दस्तुरी आणि अमन लॉजच्या आसपासचा. एमटीडीसीचं पर्यटक निवास याच भागात आहे. सामान फार वाहावं लागत नाही, परतताना धावपळ होत नाही. बाजार मात्र इथून अडीच-तीन किलोमीटर. ज्यांना शांतता हवी आहे आणि जेवण जागेवरच घ्यायचं आहे त्यांना हा पट्टा चांगला.

दुसरा पट्टा माथेरान स्टेशन आणि बाजाराचा. शटलमधून उतरलं की पाच-दहा मिनिटांत खोली. जेवणाला पर्याय भरपूर, औषधाचं दुकान हाताशी, रात्री उजेड. थोडी वर्दळ आणि सकाळी घोड्यांच्या टापांचा आवाज सोसावा लागतो. लहान मुलं किंवा वडीलधारे बरोबर असतील आणि खर्च आवरायचा असेल, तर माझं मत या पट्ट्याच्या बाजूने आहे.

तिसरा पट्टा आत झाडीतला, पॉइंटांच्या वाटेवरचा. जुने बंगले, मोठे व्हरांडे, पक्ष्यांचे आवाज. राहायला सगळ्यांत सुंदर भाग हाच, आणि कधी कधी इथली साधी खोली आश्चर्य वाटेल इतकी स्वस्त असते. स्वस्त का, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. पाठीवर एकेक पिशवी घेऊन चालणाऱ्यांनी ही जागा खुशाल घ्यावी.

हिशेबाची रीत दाखवायला एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. चार माणसं, त्यांत एक आजी, दोन रात्री. पहिली खोली रात्रीला १८०० रुपये, नाश्ता नाही, स्टेशनपासून तीस मिनिटं. दुसरी २६०० रुपये, नाश्त्यासह, स्टेशनपासून पाच मिनिटं. पहिलीचं भाडं ३६००. त्यात दोन सकाळच्या नाश्त्याचे माणशी शंभर प्रमाणे ८००, जाता-येता हमालीचे मिळून ८००, आजीच्या जाण्या-येण्याचे ८००. एकूण ६०००. दुसरीचं भाडं ५२००, आणि त्यापुढे फारसं काही नाही. रात्रीला आठशे रुपये महाग दिसणारी खोली शेवटी आठशे रुपयांनी स्वस्त पडली, आणि आजी दमली नाही ते वेगळंच.

वर जाण्याच्या साधनांचं चित्र सध्या बदलतं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये इथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. ती बातमी वाचली तेव्हा मला अर्ध्या वाटेत उतरलेली आई आठवली. तुम्ही निघण्याआधी हॉटेलला फोन करून ई-रिक्षा कुठून कुठवर आणि किती वाजेपर्यंत मिळते, ते विचारून घ्या.

मग ताट

माथेरानच्या बऱ्याच हॉटेलांत दोन प्रकारे भाव सांगतात. एक खोलीमागे, दुसरा माणशी. माणशी भावात बहुधा सकाळचा चहा-नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण असतं. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो, पण चार जणांचं तीन वेळचं बाहेरचं खाणं जोडून बघा. खात्यापित्या कुटुंबाला तो अनेकदा परवडतो. खाणं थोडं असेल, दिवसभर पॉइंट हिंडायचे असतील, तर दुपारचं जेवण वाया जातं. अशा वेळी फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण द्याल का, असं विचारावं. बोल्झानोकडच्या हॉटेलांत ही अर्ध्या जेवणाची पद्धत सर्रास आहे, आपल्याकडेही मधल्या वारी मालक ती मान्य करतात.

मुलांचा भाव कोणत्या वयापासून लागतो हे नक्की विचारा. ‘पाच वर्षांखाली फुकट’ आणि ‘दहा वर्षांखाली अर्धे’ यांत बिल बरंच बदलतं. बरीच हॉटेलं शुद्ध शाकाहारी आहेत, काही ठिकाणी जैन जेवण मिळतं. आपल्या वसईकडच्या मंडळींना ताटात मासळी लागते, त्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. पोळी-चटणी, दशम्या, उकडलेली अंडी, खजूर असं पहिल्या दिवसाचं खाणं घरून नेलं तर वर पोहोचल्यावर भुकेल्या पोटी महाग ताट घ्यावं लागत नाही. पाण्यासाठी प्रत्येकाची स्वतःची बाटली ठेवा आणि हॉटेलात फिल्टरचं पाणी भरून मिळतं का ते पाहा. गावाला पाणी पुरवणारा शार्लोट तलाव बघितला की वर पाणी किती जपून वापरायला हवं, तेही कळतं.

शेवटी खोली

आता खोलीकडे येऊ. पहिला प्रश्न एसीचा. उंचीवर दर हजार मीटरला तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरतं. त्या हिशेबाने माथेरान आपल्या किनाऱ्यापेक्षा पाचेक अंशांनी थंड, शिवाय सावली दाट. मे महिन्यातली दुपार सोडली तर पंखा आणि दोन बाजूंनी खिडक्या एवढ्यावर छान झोप लागते. एसीसाठी जास्त मोजायचे पैसे गरम पाणी, कोरडी खोली आणि मोठी खिडकी यांवर खर्च करावेत.

खिडकीला जाळी किंवा गज हवेतच. माथेरानची माकडं उघड्या खिडकीतून बिस्किटाचा पुडा उचलून नेतात, कधी कधी चष्मासुद्धा. गरम पाणी चोवीस तास आहे की सकाळी सात ते नऊ एवढंच, हे विचारा. वडीलधारे असतील तर तळमजल्याची खोली मागा. डोंगरउतारावरच्या हॉटेलांत ‘पहिला मजला’ म्हणजे कधी कधी चाळीस पायऱ्या असतात. चार जणांसाठी दोन खोल्या घेण्यापेक्षा जादा गादीची मोठी खोली स्वस्त पडते, मात्र गादीचे पैसे आधी ठरवून घ्यावेत.

चेक-आउटची वेळ हा इथला सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. अनेक ठिकाणी सकाळी नऊ-दहालाच खोली रिकामी करावी लागते. तुमची परतीची गाडी दुपारची असेल तर मधले पाच तास सामान कुठे ठेवायचं? बहुतेक मालक काउंटरपाशी सामान ठेवू देतात, कोणी हात-पाय धुवायला एखादी खोलीही उघडून देतात. पण ते आधी विचारलं तरच.

भाव सांगतात तो करासह की कराविना, तेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. कोणी जुन्या दराने बिल लावलं तर नम्रपणे दाखवून द्या. ॲडव्हान्स भरल्यावर पावती किंवा निदान मेसेज घ्या, आणि पावसामुळे गाडी बंद पडली तर तारीख बदलून मिळेल का, हे त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या.

फोनवरची पाच मिनिटं

हे सगळं एका फोनमध्ये उरकतं. गेल्या वेळी मी केलेला फोन साधारण असा होता.

‘नमस्कार काका, नायगावहून बोलतोय. आम्ही चार मोठे आणि एक आठ वर्षांची मुलगी, मंगळवार-बुधवार दोन रात्री. स्टेशनपासून तुमच्याकडे चालत किती मिनिटं?’

‘सात-आठ मिनिटं. वाटेत थोडा चढ आहे.’

‘आईचे गुडघे दुखतात. तळमजला मिळेल?’

‘देतो ना. आईंना पायरी एकच चढावी लागेल.’

भाड्याचा विषय यानंतर निघाला. तोवर मला जागा, चढ आणि माणूस तिन्ही कळले होते. जो मालक चढ आहे हे न विचारता सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दावरही विश्वास ठेवावा असं मला वाटतं.

दस्तुरीला उतरल्यावर मात्र आपल्या माहितीवर ठाम राहा. ‘शटल बंद आहे’, ‘हॉटेल फार लांब आहे’ असं कोणी सांगितलं तर स्वतः अमन लॉजच्या खिडकीपर्यंत जाऊन पाहा. पर्यटकांना अशी चुकीची माहिती देऊन फसवलं जातं, म्हणून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी स्वतःच गाव बंद ठेवलं होतं. म्हणजे ही लबाडी तिथल्या बहुसंख्य लोकांनाही नको आहे. घोडा किंवा हमाल करायचा तर आधी ठरलेले दर पाहा, पैसे बोलून घ्या आणि मग ठरलेल्या कष्टाचं मोल पूर्ण द्या. काटकसर आपल्या नियोजनातून व्हावी, कोणाच्या मजुरीतून नको.

सामान मात्र खरोखर कमी करा. पाठीवर मावेल तेवढंच, चाकांची बॅग घरीच ठेवा. टॉर्च, टोपी, जाड तळाचे बूट, थोडी रोख रक्कम एवढं पुरे. लाल मातीचे डाग सहज जात नाहीत, तेव्हा पांढरे कपडे नकोत. आणि वर नेलेलं प्लास्टिक खाली घेऊन या. तो डोंगर जे पाण्यात सोडेल, ते उल्हास नदी आपल्याच खाडीत आणून टाकणार आहे.

आई यंदाही येणार आहे, तिने आत्तापासूनच दिवस मोजायला सुरुवात केली आहे. तुम्हीही जाऊन या. फक्त फोन लावाल तेव्हा ‘भाडं किती?’ हा पहिला प्रश्न नको. ‘स्टेशनपासून चालत किती मिनिटं?’ असं आधी विचारा. भाडं त्यानंतर.